पाच लाखांचं कर्ज काढून पावसाळा काढावा का?

कोल्हापूरच्या एका वाचकाचा प्रश्न: तीन कारागीर, कोल्हापुरी चपलांचं काम, माल दुकानदारांना घाऊक. हंगामात महिन्याला 200 जोड जातात, जून ते सप्टेंबर जेमतेम 40. दुकानदारांकडून येणं असलेली उधारी 1,40,000 रुपये, मुदतठेव दीड लाखाची. बँक 12 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी 5 लाख देते आहे. त्यातून 2 लाखांचं चामडं घ्यायचं (जूनमध्ये एकदम उचललं तर 10 टक्के सूट), उरलेल्यात गाळ्याची अनामत आणि शिलाई मशीन. घ्यावं का?

घेऊ नका. तुम्हीच पाठवलेले आकडे मांडून बघा. जोड 900 ला जातो. माल 430, मजुरी 250, हाती 220. भाडं-वीज 12,000 आणि घरखर्च 18,000, म्हणजे महिन्याला 30,000 लागतात. हंगामात 44,000 येतात, 14,000 उरतात, आठ महिन्यांचे 1,12,000. पावसाळ्यात 8,800 येतात, दरमहा 21,200 कमी पडतात, चार महिन्यांत 84,800. वर्षाकाठी शिल्लक 27,200. आणि पाच लाखांचा हप्ता महिन्याला 11,100 च्या वर, वर्षाचे 1,33,000! धंदा तोट्यात नाही, चार महिने रोकड अडते. एवढ्यासाठी पाच वर्षं हप्ता का भरायचा?

सुटीचा मोह समजतो. पण जोडामागे 350 रुपयांचं चामडं धरलं तर 2 लाखांचा माल नोव्हेंबरअखेरपर्यंत पुरेल. म्हणजे त्यातला बराचसा अख्खा पावसाळा तुमच्याकडे पडून राहणार. हिरडा-बाभळीवर कमावलेलं चामडं दमट जागेत ओल धरतं, बुरशी चढते, डाग उरतात. दहावा हिस्सा खराब झाला की 20,000 ची सूट तिथेच संपली. आत्ता 50-60 हजारांचंच घ्या. फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आतली ओल बाहेर पडत नाही. पुढची खरेदी ऑगस्टअखेरीस, नवरात्र-दिवाळीचा माल धरायच्या वेळी.

तोवर तयार जोड रचून ठेवण्यातही पैसा अडकतो. तयार जोड एकाच मापाचा. ते माप गेलं नाही तर तळ, कान, पट्टा, मजुरी सगळंच बसून राहतं. त्यापेक्षा वेण्या आणि पट्ट्यांची नक्षी करून ठेवा, तळ ऑर्डर आल्यावर कापा. कोणती मापं आधी संपतात ते मागच्या वर्षीच्या बिलबुकातून काढा, अंदाजाने नको.

कारागिरांचं मात्र कमी करू नका. 40 जोडांची मजुरी 10,000, तिघांत वाटली तर माणशी 3,300. एवढ्यावर कोण थांबेल? एकदा एमआयडीसीत गेलेला कारागीर दिवाळीच्या तोंडावर परत येईल याची खात्री नाही. तुमच्या दोन जुन्या कारागिरांना दरमहा 3,000 उचल द्या, वहीत लिहा, हंगामात थोडी थोडी कापून घ्या. चार महिन्यांचे 24,000 झाले. म्हणजे एकूण गरज सुमारे 1,09,000.

ही रक्कम मुदतठेव न मोडता उभी राहते. ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव तारण ठेवून लागतील तसे पैसे उचलायची सोय. बँका साधारण 90 टक्क्यांपर्यंत देतात, म्हणजे 1,35,000. व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, तेही जेवढे वापराल तेवढ्यावरच. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत खातं भरून काढायचं. ते जमलं नाही तर पुढच्या वर्षी हाच उपाय चालणार नाही, हे आत्ताच धरून चाला.

त्याआधी उधारी वसूल करा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर करून घ्या, मोफत आहे. ती असली की कायदा तुमच्या बाजूने येतो. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायला खरेदीदार बांधील असतो. मुदत टळली तर आयकराच्या हिशेबात त्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळतो. मोठ्या शोरूमला हे टोचतं. अंदाजित उत्पन्नावर कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला फारसं नाही. त्याला रोख दिल्यास 3 टक्के सूट सांगा. 12 टक्क्यांच्या कर्जाचं तीन महिन्यांचं व्याज तेवढंच होतं.

गाळा आणि मशीन यंदा विसरा. मिलानच्या फॅशन शोमुळे 2025 मध्ये कोल्हापुरीची चर्चा झाली, पण चर्चेवर भाडं भरता येत नाही. कर्ज घ्यायचंच तर पीएम विश्वकर्मा ही कारागिरांसाठीची केंद्राची योजना बघा: चर्मकार-पादत्राण कारागीर त्यात बसतात, पहिला टप्पा 1 लाख, 5 टक्के व्याज, 18 महिने, हप्ता सुमारे 5,800. घरातल्या एकालाच मिळतं आणि गेल्या पाच वर्षांतलं मुद्रा कर्ज पूर्ण फेडलेलं नसेल तर मिळत नाही. ऑगस्टअखेरच्या चामड्यासाठी ते मिळेल अशा बेताने अर्ज करा, म्हणजे बहुतेक पहिले हप्ते हंगामातच पडतील.