लेन्स दुरुस्तीला टाकण्याआधी हवा तपासा

'१५०-६०० मिमीची लेन्स घेऊनही निफाडजवळच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात चक्रवाक आणि तलवार बदकांचे सगळे फोटो मऊ, म्हणजे धूसर येतात, कॅलिब्रेशन (लेन्सच्या फोकसची जुळवणी) करून घेऊ का?' हा तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. नका करू, निदान आत्ताच नको. याच तक्रारीवर एका सर्व्हिस सेंटरने माझी लेन्स कित्येक दिवस ठेवून घेतली, पैसे घेतले आणि फोटो होते तसेच राहिले. फोटो किती वाजता, किती अंतरावरून काढलाय, हे तिथे कुणी विचारलंसुद्धा नाही. ग्राहकाला एवढं तरी विचारायला नको का?

शटर, आयएसओ ही कॅमेऱ्याची सेटिंग्ज तुम्हाला येतातच. तुमचे फोटो साडेदहाचे आहेत आणि पक्षी पार पाण्याच्या मध्यावर, असं तुम्हीच लिहिलंय. हवेत थरथरणाऱ्या झळा काही फक्त उन्हाळ्यात नसतात. निफाडकडच्या थंडीत पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असतं, ऊन चढलं की काठची जमीन तापते. या गरम-गार थरांतून येताना प्रकाश वाकतो आणि शंभर मीटरवरच्या बदकाची पिसं पुसली जातात. यावर महागडी लेन्सही काही करू शकत नाही.

ओळखायचं असं: एकाच बदकाच्या पंधरा-वीस फ्रेम सलग काढा आणि शंभर टक्के मोठ्या करून चोचीची कड पाहा. प्रत्येक फ्रेममध्ये कड वेगळी वाकडी दिसली तर दोष हवेचा. पक्षी मऊ, पण पुढचं गवत दरवेळी धारदार, तर फोकस चुकतोय. मग सावलीत, ट्रायपॉडवर, दहा-पंधरा मीटरवरून वर्तमानपत्राचा फोटो काढा. अक्षरं तिथेही मऊ आली तरच सर्व्हिस सेंटर.

गाडीत हीटर लावून खिडकीतून फोटो काढत असाल तर झळा तुम्हीच तयार करताय. हीटर बंद ठेवा. उबदार बॅगेतली लेन्स बाहेर काढून वीस-तीस मिनिटं थंड होऊ द्या; हूडमध्ये (लेन्सच्या तोंडावरच्या नळीत) अडकलेली गरम हवाही फोटो बिघडवते. स्वस्तातला यूव्ही फिल्टर काढूनच टाका.

माझं मत, पटलं तर घ्या: टेलिकन्व्हर्टरवर (लेन्सला लावून पक्षी मोठा दाखवणाऱ्या जोडभिंगावर) पैसे घालू नका, अंतर कमी करा. म्हणजे पक्ष्यांच्या मागे धावायचं नाही, त्यांना उडवायचं तर मुळीच नाही. काठाच्या चिखलात पिवळा धोबी आणि शंकर पक्षी उतरतात. पहाटेच जाऊन खाली बसलात, हललाच नाहीत, तर धोबी दहा मीटरवर येतो. कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवा. धुकं असेल तर एक्स्पोजर (फोटोतला उजेड) +०.७ ते +१ इतकं वाढवा, नाहीतर सगळं राखाडी येतं.