सतार-तंबोरे मिरजेत का बनतात?
कारण हत्यारं! शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे कारागीर. इंग्रजी अमलात संस्थानांतलं ते काम आटलं, आणि १९व्या शतकाच्या मध्याला मिरजेत फरीदसाहेब शिकलगारांनी तंबोरा घडवायला घेतला. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता, पुढे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले, त्यामुळे पारखी कानांची वानवा नव्हती. वाद्याला लागणारा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, तो मात्र कडू हवा, भाजीचा चालत नाही. खरी कसोटी जवारीची, म्हणजे तारेला गुंजारव आणण्याची. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानसीने इतका हलका घासायचा की तार गुंजली पाहिजे, खरखरता कामा नये. हे मोजपट्टीने जमत नाही, कानच लागतो. २०२४मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.