कानशीपासून बनवलेली सुरी हातातून पडली आणि पातं तुटलं, काय चुकलं?
बहुतेक तुम्ही पाणी दिल्यावर (म्हणजे लाल तापवून झटकन गार करून कडक केल्यावर) टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला परत मंद तापवणं, केलंच नाही. कानशीचं स्टील हाय कार्बन असतं, लाल करून तेलात बुडवलं की काचेसारखं कडक पण ठिसूळ होतं, म्हणून लगेच ओव्हनमध्ये २०० डिग्रीला २ तास, गार करून परत २ तास ठेवायचंच, घासून चकचकीत केलेल्या जागी फिकट गवती पिवळा रंग चढला की जमलं. पाणी देण्यासाठी लाल तापवताना नुसत्या रंगावर जाऊ नका, साधारण ७७० डिग्रीला लोहचुंबक चिकटायचं थांबतं, त्याच्या थोडं वर न्या आणि मग कोमट तेलात टोक खाली धरून सरळ बुडवा, माझं पहिलं पातं आडवं घातल्यामुळे वाकलं, फार वाईट वाटलेलं. आणि मूठ बसवताना पात्याला जाड टेप गुंडाळा प्लीज, हात तेव्हाच कापतात.