वाचकांचे प्रश्न: इलेक्शन त्यांचं, धाकधूक सगळ्यांची

मागच्या अंकात नाटो या लष्करी आघाडीवर लिहिलं होतं, युरोप आणि अमेरिका यांची सुरक्षा एकमेकांत किती गुंतलीय त्याबद्दल. त्यावर प्रश्नांचा पाऊसच पडला, आणि बहुतेकांचा रोख एकच, की मतपेटी उघडली की या मंडळींच्या पोटात गोळा का येतो. जमतील तेवढे प्रश्न घेतलेत.

करार लेखी आहे ना? मग एका देशात सरकार बदललं की बाकीचे ३१ देश का घाबरतात?

कारण जे लेखी आहे ते लोकांना वाटतं तेवढं पक्कं नाहीये. सगळे ज्याच्या नावाने शपथा घेतात ते कलम ५ नीट वाचा. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, इथपर्यंत ठीक, पण पुढे काय करायचं तर प्रत्येक देशाने 'त्याला आवश्यक वाटेल ती' कृती करायची, त्यात लष्करी बळही आलं. म्हणजे रणगाडे पाठवले तरी चालेल आणि निषेधाचं पत्रक काढून तंबू-औषधं पाठवली तरी कराराचा भंग झाला असं कोणी म्हणू शकत नाही! ही ढिलाई १९४९ मध्ये मुद्दाम ठेवलेली, कारण अमेरिकन सिनेटला युद्धाचा निर्णय आपोआप झालेला नको होता. हे कलम आजवर एकदाच लागू झालंय, २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, तेही अमेरिकेसाठी, हे ट्रम्प यांच्या भाषणांत फारसं येत नाही.

तेव्हा सगळा खेळ भरवशाचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या प्रचारसभेत ट्रम्प म्हणाले, की जे देश संरक्षणावर पुरेसा खर्च करत नाहीत त्यांच्या बाबतीत रशियाला जे करायचं ते करू दे. तेव्हा ते साधे उमेदवार होते, हातात कसलीच सत्ता नाही, कायदा बदलला नाही, एक सैनिक हलला नाही, तरी रशियाच्या जवळच्या पोलंडपासून एस्टोनियापर्यंत सगळ्यांची झोप उडाली.

पण ट्रम्पना वाटलंच तर ते अमेरिकेला नाटोतून बाहेर काढू शकतात का?

कागदावर सोपं नाही. कलम १३ प्रमाणे एक वर्षाची नोटीस लागते, आणि डिसेंबर २०२३ मध्ये काँग्रेसने संरक्षण विधेयकात एक कलम घातलं, की सिनेटच्या दोन तृतीयांश मतांशिवाय किंवा नवीन कायद्याशिवाय राष्ट्राध्यक्षाला बाहेर पडता येणार नाही. गंमत म्हणजे ते आणणाऱ्यांपैकी एक होते मार्को रुबिओ, जे पुढे ट्रम्प यांचेच परराष्ट्रमंत्री झाले.

पण बाहेर पडायची गरजच काय? सैन्य कमी करा, माहिती देणं थांबवा, नुसतं मोघम बोलत राहा, काम भागतं. मार्च २०२५ मध्ये युक्रेनला मिळणारी गुप्त माहिती आणि शस्त्रं काही दिवस बंद केली होती, तेवढ्यात युरोपला कळून चुकलं की आपण कशाकशासाठी वॉशिंग्टनवर अवलंबून आहोत. आणि हे काही एकट्या अमेरिकेचं नाही हो. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी फ्रान्सला नाटोच्या लष्करी कमांडमधून काढलं, मुख्यालय पॅरिसहून ब्रसेल्सला हलवावं लागलं, आणि फ्रान्स परत आला तो थेट २००९ ला.

एकटा छोटा देश सगळ्यांना ओलीस धरतो, याला लोकशाही म्हणायचं का?

सगळ्यात जास्त पत्रं यावरच आली, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

नाटोत एकमत लागतं आणि युरोपियन युनियनमध्येही परराष्ट्र धोरणाला एकमतच लागतं. त्यामुळे प्रत्येकाच्या खिशात व्हेटो. स्वीडनने १८ मे २०२२ ला फिनलंडबरोबर अर्ज दिला, फिनलंड एप्रिल २०२३ ला आत गेला, आणि स्वीडन तुर्कस्तान आणि हंगेरीच्या होकारासाठी बसला तिष्ठत मार्च २०२४ पर्यंत. मधल्या काळात तुर्कस्तानात निवडणूक होती, राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांना घरच्या मतदारासमोर ताठ कणा दाखवायचा होता, शिवाय अमेरिकेकडून एफ-१६ लढाऊ विमानं हवी होती. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या संसदेने मंजुरी दिली आणि काही दिवसांतच अमेरिकेने विमानविक्रीला हिरवा कंदील दाखवला. हंगेरीचं घोडं मग उगीचच अडलं, शेवटी स्वीडनचे पंतप्रधान बुडापेस्टला गेले, चार स्वीडिश ग्रिपेन लढाऊ विमानांचा सौदा झाला आणि तीन दिवसांनी हंगेरीच्या संसदेत ठराव पास!

आणि तो १४ डिसेंबर २०२३ चा ब्रसेल्समधला प्रसंग. युक्रेनशी युनियन-प्रवेशाची बोलणी सुरू करायची की नाही यावर हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ऑर्बान अडून बसलेले. तेव्हा जर्मनीचे चान्सलर शोल्झ यांनी सुचवलं, की तुम्ही जरा बाहेर जाऊन कॉफी घेऊन या. ते उठून गेले, उरलेल्या २६ जणांनी निर्णय घेतला, आणि ऑर्बान यांना 'मी नव्हतोच त्या निर्णयात' म्हणायची सोय झाली. त्याच रात्री त्यांनी युक्रेनच्या ५० अब्ज युरोच्या मदतीवर मात्र पाचर मारलीच, ती सुटली १ फेब्रुवारीला. एवढ्या मोठ्या संघटनेचा कारभार कोण कधी खोलीबाहेर जातो यावर चालावा हे हास्यास्पद आहे, पण चाललं खरं.

माझं मत विचाराल तर प्रॉब्लेम छोट्या देशाचा नाहीच. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात काय झालं बघा. रिपब्लिकन पक्षाकडे काठावरची मेजॉरिटी, ऑक्टोबर २०२३ मध्ये मूठभर बंडखोरांनी आपल्याच सभापतीला घरी पाठवलं, नवे माइक जॉन्सन आले ते खुर्ची सांभाळत, त्यामुळे सिनेटने १३ फेब्रुवारी २०२४ ला मंजूर केलेलं पॅकेज, ज्यात युक्रेनसाठी सुमारे ६० अब्ज डॉलर होते, त्यावर त्यांनी मतदानच घेतलं नाही. १७ फेब्रुवारीला युक्रेनचं अव्दिइव्का शहर रशियाच्या हाती पडलं, युक्रेनचे तोफखानेवाले गोळे मोजून मारत होते. २० एप्रिलला अखेर मतदान झालं तेव्हा युक्रेनच्या मदतीला दणदणीत बहुमत मिळालं, फक्त त्यात डेमोक्रॅट जास्त होते आणि सभापतींच्या स्वतःच्या पक्षातले निम्म्याहून जास्त विरोधात. म्हणजे बहुमत आधीपासून होतं, ते मोजायलाच दोन महिने लागले. मला तरी निवडणुकीत कोण जिंकलं यापेक्षा ही असली अडवाअडवी जास्त घातक वाटते. मतदाराने कौल दिलेला असतो आणि तो एका खुर्चीपाशी अडकून पडतो.

उजवे पक्ष जिंकले की पुतिन यांचा फायदा, असं सरसकट म्हणता येईल का?

नाही. इटलीत २०२२ मध्ये उजव्या जॉर्जिया मेलोनी पंतप्रधान झाल्या तेव्हा ब्रसेल्समध्ये धाबं दणाणलं होतं, त्या युक्रेनच्या बाजूने ठाम राहिल्या. उलट स्लोव्हाकियात २०२३ मध्ये पंतप्रधानपदी परत आलेले फित्सो स्वतःला डाव्या पक्षाचे म्हणवतात आणि त्यांनी सरकारी साठ्यातून युक्रेनला शस्त्रं देणं बंद केलं. त्यातही मेख अशी, की तिथल्या कारखान्यांचा दारूगोळा पैसे मोजून घ्यायला बंदी नाही, तो धंदा चालू. भाषण मतदारासाठी आणि ऑर्डर बुक कारखान्यासाठी!

रोमानियात कोर्टाने निवडणूकच रद्द केली. मग यांची लोकशाही कसली?

प्रश्न बोचरा आहे आणि बरोबर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत कॅलिन जॉर्जेस्कू पहिले आले, सर्व्हेमध्ये कुठेच नसलेला माणूस, टिकटॉकवर मात्र सगळीकडे, आणि प्रचाराचा खर्च दाखवला शून्य. गुप्तचर खात्याची कागदपत्रं जाहीर झाली आणि ६ डिसेंबरला घटना न्यायालयाने सगळी निवडणूकच रद्द केली. दुसरी फेरी ८ तारखेला होती, परदेशातल्या रोमानियन लोकांचं मतदान तर सुरूही झालेलं.

या देशात देवेसेलूला अमेरिकेचा क्षेपणास्त्रविरोधी तळ आहे, शेजारी युक्रेन, त्यामुळे घाबरण्याचं कारण समजतं. पण रशियाच्या हस्तक्षेपाचा संशय असेल तर तो मतदानाच्या आधी पकडायला हवा ना, निकाल आवडला नाही म्हणून नंतर, असं लोकांना वाटलं तर त्यांना दोष कसा देणार? फेब्रुवारी २०२५ मध्ये म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जेडी व्हान्स यांनी नेमकं हेच युरोपच्या तोंडावर फेकलं. त्यांचा हेतू काही का असेना, दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. मे २०२५ ला परत मतदान झालं, जॉर्जेस्कूना उभंच राहू दिलं नाही, पहिल्या फेरीत कट्टर राष्ट्रवादी सिमियन यांनी सुमारे ४१ टक्के घेतले, आणि दुसऱ्या फेरीत युरोपवादी, राजधानी बुखारेस्टचे महापौर निकुशोर दान जिंकले. युरोपने सुटकेचा निःश्वास टाकला, पण कोर्टाच्या त्या निर्णयाचं उत्तर या निकालातून मिळत नाही.

जर्मनीने म्हणे मुदत संपत आलेल्या संसदेकडून घटना बदलून घेतली. खरं का?

खरं. २३ फेब्रुवारी २०२५ ला निवडणूक झाली. नव्या संसदेत एएफडी हा कट्टर उजवा पक्ष आणि डावा पक्ष मिळून एक तृतीयांशाच्या वर जागा, म्हणजे घटनादुरुस्ती अडवायची ताकद. नवी संसद २५ मार्चला बसणार होती, तर १८ मार्चला जुनीच संसद बोलावली, ग्रीन पार्टीला हवामान निधीसाठी १०० अब्ज युरो देऊन राजी केलं आणि घटनेने सरकारी कर्जावर घातलेल्या मर्यादेतून संरक्षण खर्च बाहेर काढला, म्हणजे जीडीपीच्या १ टक्क्याच्या वरचा. निवडणूक जिंकलेले मेर्त्स प्रचारात कर्ज नको म्हणत होते, त्यांचे मतदार चिडले ते साहजिक आहे. कायद्याने यात काही चूक नाही, घटना न्यायालयानेही अडवलं नाही. मला निर्णय पटतो, ज्या घाईने उरकला ती पटत नाही, आणि त्या घाईचं भांडवल एएफडी पुढची कित्येक वर्षं करणार.

एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ लोकांनाच का विचारत नाहीत?

स्पेनने विचारलं होतं. १९८२ मध्ये स्पेन नाटोत गेला, त्याच वर्षी समाजवादी पक्ष 'नाटोत जायची घाई नको' म्हणत जिंकला, सत्तेत आल्यावर पंतप्रधान गोन्सालेस यांचं मत बदललं, पण दिलेला शब्द म्हणून १२ मार्च १९८६ ला सार्वमत घेतलं आणि स्वतःच 'राहू या'चा प्रचार केला. अटी मतपत्रिकेवरच छापल्या: लष्करी कमांडमध्ये जाणार नाही, अण्वस्त्रं देशात नाहीत, अमेरिकन सैन्य कमी करणार. साडेबावन्न टक्क्यांच्या आसपास 'हो' आलं. त्या पक्षातले हाविएर सोलाना, जे एकेकाळी नाटोविरोधी होते, १९९५ ला नाटोचे सरचिटणीसच झाले. पक्षबदलूपणा म्हणा हवं तर, पण लोकांसमोर उभं राहून बदलले, बंद खोलीत नाही.

अर्थात तेव्हा शेजारी युद्ध नव्हतं, आता असं सार्वमत घ्यायला कोण धजावेल?

पुढे कुठल्या इलेक्शनवर लक्ष ठेवू?

दोन. नोव्हेंबर २०२६ ला अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या एक तृतीयांश, आणि एप्रिल २०२७ ला फ्रान्सची अध्यक्षपदाची. तिथे माक्रों यांना सलग तिसऱ्यांदा उभं राहता येत नाही, आणि युरोपियन युनियनमधली अण्वस्त्रं फक्त फ्रान्सकडे, त्यांचं बटण फक्त अध्यक्षाच्या हातात. कट्टर उजव्या पक्षाच्या मरीन ल पेन यांनी २०२२ च्या प्रचारात नाटोच्या कमांडमधून पुन्हा बाहेर पडू असं सांगितलेलं, त्यामुळे त्यांच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात ती ओळ या वेळी आहे की गाळलीय, हे पहिलं बघा.