थर्माकोलचे गोळे न वापरता अणूची त्रिमितीय प्रतिकृती कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी आठवीत आहे, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात अणूची प्रतिकृती ठेवायची आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या गावात थर्माकोलचे गोळे मिळत नाहीत आणि वस्तू एसटीनं न्यायची आहे. गोळ्यांवाचून काही अडत नाही. उलट स्प्रे पेंट किंवा थिनर लागला की थर्माकोल विरघळून खड्डे पडतात.

मूलद्रव्य कार्बनच घ्या: 6 प्रोटॉन, 6 न्यूट्रॉन, 6 इलेक्ट्रॉन, पहिल्या कवचात 2, दुसऱ्यात 4. यामागे कारण आहे. एका गोळ्याभोवती त्याच मापाचे जास्तीत जास्त 12 गोळे टेकतात, आणि कार्बनच्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून कणही 12च. म्हणजे मधे रद्दीचा एक गाभा ठेवला की बाराही कण बाहेरून मोजता येतात. सोडियम घेतलं तर 23 कण होतात, त्यातले काही आत दडतात आणि परीक्षकानं मोजले की आकडा जुळत नाही.

गोळे कागदाच्या लगद्याचे करा. शेतातली काळी माती नको, ती वाळताना आकसून तडकते. वर्तमानपत्राचे तीन मोठे कागद फाडून रात्रभर भिजवा, खलबत्त्यात कुटा, घट्ट पिळा, दोन चमचे फेविकॉल घालून मळा. प्रोटॉन आणि न्यूट्रॉनचं वस्तुमान जवळजवळ सारखं, म्हणून गोळेही सारखेच हवेत. एकाच लहान चमच्यानं माप घ्या. ओला गोळा सुमारे दोन सेंटीमीटरचा केला तर वाळून दीडच्या आसपास येतो. गाभा किंचित लहान, वाळल्यावर 1.3 सेंटीमीटर, म्हणजे बाहेरचे गोळे एकमेकांना टेकतात. गाभा आणि दोन गोळे अर्धवट वाळले की दाभणानं आरपार भोकं पाडा; पूर्ण वाळल्यावर पाडायला गेलात तर गोळा फुटतो. सावकाश उन्हातच वाळवा. चुलीजवळ ठेवले तर वरून कडक, आत ओले राहतात आणि पुढे बुरशी येते.

रंग आधी, चिकटवणं नंतर. पोस्टर कलरनं सहा लाल (प्रोटॉन), सहा पांढरे (न्यूट्रॉन). तंगूसमध्ये, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्यात, एक लाल गोळा, गाभा आणि एक पांढरा ओवा. आता गाभ्याभोवती वरच्या अंगाला पाच (2 लाल, 3 पांढरे) आणि खालच्या अंगाला पाच (3 लाल, 2 पांढरे) चिकटवा. खालचे पाच वरच्यांच्या खाचांत यायला हवेत. वरचे पाच नीट सुकल्याशिवाय खालच्यांना हात लावू नका, नाहीतर सगळं घसरतं.

कवचांसाठी हार्डवेअरच्या दुकानातून 16 गेजची जीआय तार सव्वा मीटर आणा. सळया बांधायची काळी तार मऊ असते, तिची कडी लोंबते. आतली कडी 12 सेंटीमीटर व्यासाची, तारेचा तुकडा 42 सेंटीमीटर. बाहेरची 24 सेंटीमीटरची, तुकडा 80. गंजाभोवती, म्हणजे पातेल्याभोवती, वळवताना गंज हव्या त्या मापापेक्षा थोडा लहान घ्या, कारण तार सोडली की उलगडते. कडी बंद करायच्या आधी इलेक्ट्रॉनचे मणी ओवा. बहुतेक ठिकाणी हेच विसरतं आणि मग मणी चिकटवावे लागतात, ते गळतात. मणी घ्यायला जाताना तारेचा तुकडा सोबत न्या. पोतीच्या मण्यांचं भोक बारीक असतं. आतल्या कडीत दोन मणी समोरासमोर, बाहेरच्या कडीत चार. तंगूस वर आणि खाली बांधला जाणार, म्हणून त्या जागा सोडून चौघांना मधल्या तिरप्या जागांवर बसवा आणि फेविक्विकचा एकेक थेंब द्या. टोकं पिळून वर एक बारीक डोळा करा.

चौकटीला बुरुडाकडून मीटरभर ओल्या बांबूची कमची आणा, कमान वाकवून 12 मिलीमीटरच्या प्लायवर दोन ठोकळ्यांत खोचा. खोचायचीच, खिळे नकोत. तंगूस कमानीपासून बाहेरची कडी, आतली कडी, केंद्रक, परत आतली कडी, बाहेरची कडी असा खाली प्लायवर बसवलेल्या आकड्यापर्यंत (हुकापर्यंत) ताणून बांधा. कड्यांमधलं अंतर सगळीकडे 6 सेंटीमीटर येतं. तंगूस सैल राहिला तर पंख्याखाली सगळं गरगरतं. दोन्ही कड्या एकमेकींशी काटकोनात फिरवल्या की प्रतिकृती त्रिमितीय झाली. एका पातळीत आणल्या, आकड्यातून तंगूस सोडवला आणि कमान उपसली की जवळपास सपाट होऊन पिशवीत मावते. जाडी उरते ती केंद्रकाची, सुमारे 4.3 सेंटीमीटर.

सोबतच्या पुठ्ठ्यावर रंगांची खूण लिहाच, आणि हेही: प्रतिकृती प्रमाणात नाही. या मापाच्या केंद्रकाला खरा कार्बन अणू सुमारे एक किलोमीटर रुंद लागेल. नुसतं ‘बोहरचं मॉडेल’ लिहू नका. बोहरनं ते 1913 मध्ये मांडलं तेव्हा न्यूट्रॉन माहीतच नव्हता, चॅडविकनं तो 1932 मध्ये शोधला. इलेक्ट्रॉन अशा ठरावीक वाटेनं फिरत नाहीत, कड्या फक्त कवचं दाखवतात, हे मुलीला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. संयुजा, म्हणजे अणू किती बंध जोडतो, हे हमखास विचारतात: बाहेरच्या कवचात 8 मावतात, 4 आहेत, म्हणून 4.

जाताना दाभण, वीतभर जास्तीचा तंगूस, फेविक्विक आणि दोन मणी डब्यात टाका.