डोक्याच्या रेडिएशननंतर बाबा विसरतात, दिवसभर झोपतात. हे असंच राहणार का?

मी डॉक्टर नाही. बायकोच्या पूर्ण मेंदूला रेडिएशन दिलं, त्यानंतरची दोन वर्षं घरी तिच्याबरोबर काढली, तेवढीच माझी शिदोरी.

तुम्ही लिहिलंय की बाबांचं रेडिएशन संपून पाच आठवडे झालेत. साधारण महिना-दीड महिन्यानं अशी गुंगी येऊ शकते आणि बरेचदा काही आठवड्यांत ओसरते. आम्हाला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. गाठ पुन्हा वाढली या धास्तीनं मी रात्री जागून काढल्या. तरी डॉक्टरांच्या कानावर घालाच. वाढती डोकेदुखी, उलट्या, फिट, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी गाठा.

विसरण्याचं सगळं खापर रेडिएशनवर फोडू नका. स्टेरॉइडनं झोप उडते, मांड्यांतलं बळ जातं. फिटसाठीच्या लेव्हेटिरासिटामवर असताना ही उठसूट खेकसायची. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि निवळली. थायरॉइड, पिट्युटरीचे (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचे) हार्मोन, ऐकू येणं, नैराश्य हेही तपासून घ्या. मात्र गोळ्या, विशेषतः स्टेरॉइड, आपल्या मनानं बंद करू नका.

मेमँटिन नावाची गोळी स्मृतीची घसरण थोडी लांबवते, पण ती रेडिएशन सुरू होतानाच चालू करून 24 आठवडे देतात. स्मृतीचं केंद्र, म्हणजे हिप्पोकॅम्पस, वाचवून रेडिएशन देण्याचं तंत्रही आहे. ज्यांचं अजून व्हायचंय त्यांनी दोन्हींबद्दल आधीच विचारावं.

आता घरातलं. ही सकाळची गोळी घ्यायची, डबीचं झाकण लावायची आणि मिनिटभरात परत उघडून रिकाम्या खणाकडे बघत बसायची. "घेतली का मी?" मी म्हणायचो, "आत्ताच तर घेतलीस!" की चेहरा पडायचा. मग डबीशेजारी कागद आणि दोरीनं बांधलेलं पेन ठेवलं. गोळी घेतली की स्वतःच बरोबरची खूण करायची. त्यानंतर शंका आली की ती माझ्या तोंडाकडे न बघता कागदाकडे बघायची.

बोलताना टीव्ही बंद करा. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि मनात दहापर्यंत आकडे मोजा. उत्तर बहुतेक वेळा येतं, उशिरा येतं इतकंच. सह्या, फोन, पाहुणे सकाळीच उरका. झेपेल तेवढं रोज चालवा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ, मिळत असतील तर दाखवाच, पेनाची युक्ती आम्हाला तिथेच मिळाली. आणि गाडीची किल्ली डॉक्टर हो म्हणेपर्यंत तुमच्याकडे ठेवा. यावरून भांडण होईल, आमच्याकडेही झालं.