नांगर, लंगर आणि पॅनेलचा बोल्ट

बेळगावच्या उद्यमबागेत विजेची पॅनेल, म्हणजे स्विच-ब्रेकरची कपाटे, बसवण्याचे काम करणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, पॅनेलला स्विचगियर खोलीच्या जमिनीशी धरून ठेवणाऱ्या अँकर बोल्टला मराठी माहितीपुस्तिकेत 'नांगर बोल्ट' म्हणावे काय. म्हणू नये. भाषांतरांतला हा शब्द मला कायम खटकत आला आहे, आणि परवा तर 'पॅनेल पायाशी घट्ट नांगरून घ्यावे' असे वाक्य वाचावे लागले. यळ्ळूरच्या शिवारात कोणालाही विचारा, नांगरणे म्हणजे जमीन उलथून भुसभुशीत करणे. ज्या काँक्रीटला तडाही जाता कामा नये, त्याच्याशी हे क्रियापद कसे जोडवते?

जहाजही नांगरतात, हे खरे. पण तो नांगर निराळा. शेतातला नांगर संस्कृत 'लाङ्गल'पासून आला. शब्दाच्या आरंभी ल आणि न यांची अदलाबदल मराठीला नवी नाही: 'ललाट'चे 'निढळ' झाले, ज्यावरचा घाम आपण अजून गाळतो, आणि उलट दिशेने 'निंब'चा 'लिंब' झाला. समुद्रातला नांगर मात्र फारसी 'लंगर' आहे. हे दोन्ही अर्थ एकट्या 'लाङ्गल'च्या पदरात घालणाऱ्यांचे म्हणणे मला मुळीच पटत नाही. हिंदीत शेतात 'हल' आणि जहाजावर 'लंगर'. आमच्या कन्नड शेजाऱ्यांकडे शेतात 'नेगिलु' आणि जहाजावर 'लंगरु'. बेळगावात राहणाऱ्याला हा पुरावा शोधायला कोश उघडावा लागत नाही. माझे मत असे की, किनाऱ्यावरच्या खलाशांनी 'लंगर' ऐकला, ल चा न करण्याची सवय जिभेला होतीच, आणि समुद्रतळात रुतणारा त्याचा दात नांगराच्या फाळासारखा दिसल्याने एकमेकांना परके असलेले दोन शब्द एकाच रूपात कायमचे मिसळले.

आता बोल्टाकडे वळू. नांगरलेले जहाज दोराच्या झोलाइतके वाऱ्यापाण्यासवे फिरते, आणि ते तसे फिरावे अशीच अपेक्षा असते. पॅनेलला मात्र किंचितही हलण्याची मुभा नाही, कारण शेजारशेजारच्या पॅनेलांचे बसबार, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या, एका रेषेत जुळलेले असतात, ब्रेकरची ट्रॉली आत-बाहेर करताना धक्का बसतो, आणि शॉर्टसर्किटच्या क्षणी बसबारांवर प्रचंड बल येते. म्हणून जमिनीत बसवलेली लोखंडी चॅनेलची चौकट आधी पाणसळीत आणतात. फिटर तिच्यावर लेव्हल ठेवतो, बुडबुडा एका बाजूला सरकला की खालच्या कडेला पातळ पत्र्याचे पॅकिंग सारतो, आणि तो मध्यावर स्थिरावल्यावरच पॅनेल वर चढते. जहाजाची उपमा इथे अर्थानेही चुकते.

कारागिरांची भाषा याहून नेमकी आहे. काँक्रीट ओतताना किंवा ठेवलेल्या खळग्यात ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ गारा, भरून बसवतात तो 'फाउंडेशन बोल्ट', आणि वाळलेल्या काँक्रीटला भोक पाडून आत घट्ट करतात तो 'फास्टनर'. पहिला रोवतात, दुसरा मारतात. ही दोन क्रियापदे इतकी चोख आहेत की भाषांतरकाराने तिसरे शोधण्याचे कारण नव्हते. आपण पुस्तिकेत 'पाया-बोल्ट रोवून, पॅनेल चॅनेलवर बसवून नट आवळावेत' असे लिहावे.